पासवर्ड विचारलाच जात नाही तेव्हा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही तिघे जण एका नागरी सहकारी बँकेचं आयटी सांभाळतो. फायरवॉल (नेटवर्कच्या वेशीवर ये-जा तपासणारं उपकरण) आणि तिचं सेंट्रल मॅनेजमेंट सॉफ्टवेअर नामांकित कंपनीचं आहे. पासवर्ड लांबलचक, एमएफए (पासवर्डबरोबर मोबाइलवरच्या कोडसारखा दुसरा पुरावा) चालू. तरीही अधूनमधून 'मिसिंग ऑथेंटिकेशन' (ओळख तपासणीच नाही) अशी धोका कळवणारी गंभीर अ‍ॅडव्हायझरी येते. सुरक्षेसाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनच राहून जातं, हे कसं शक्य आहे? पासवर्ड आणि एमएफए आम्हाला यातून वाचवतात का? आणि पॅच (चूक दुरुस्त करणारं अपडेट) रविवारपर्यंत थांबवला तर चालेल का?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. नाही, वाचवत नाहीत. पासवर्ड आणि एमएफए लॉगिनच्या वाटेवर उभे असतात. या प्रकारच्या चुकीत हल्लेखोर त्या वाटेने येतच नाही. त्याच्या विनंतीला कुणी "तू कोण?" असं विचारतच नाही, मग पासवर्ड आठ अक्षरी असो की चाळीस अक्षरी. पुढच्या दाराला तीन कुलपं लावली आणि परसदार सताड उघडं राहिलं, तर कुलपांची संख्या मोजून उपयोग नाही.

हे वाक्य मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात बोललो होतो, तेव्हा तिथला तरुण अ‍ॅडमिन माझ्याकडे बघतच राहिला. त्याने सगळं मनापासून केलं होतं. पासवर्ड चोवीस अक्षरी, एमएफए चालू, पासवर्डची एक प्रत सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात. मी लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवरून काढला, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला आणि त्यांचा स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) टाकला. फायरवॉलच्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं लॉगिन पान समोर उघडलं. तो म्हणाला, "पण सर, पासवर्ड तर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही." आम्ही नियमांची यादी उघडली. एक नॅट रूल (बाहेरची विनंती आतल्या यंत्राकडे वळवणारा नियम) होता, त्याच्या शेरेवजा रकान्यात लिहिलं होतं: "सपोर्टसाठी तात्पुरता". दोन वर्षांपूर्वी एएमसीवाल्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कंत्राटातल्या, इंजिनिअरला घरून काम करता यावं म्हणून तो उघडला होता. इंजिनिअर बदलला, एएमसी दुसऱ्याकडे गेली, रूल तसाच राहिला. त्या मुलाची चूक इतकीच, की लॉगिनचं पान दिसणं म्हणजे दार बंद असणं, असं त्याने धरलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांना हेच शिकवलेलं असतं.

आता पहिला प्रश्न, लॉगिन राहून कसं जातं. सीडब्ल्यूई या चुकांच्या सर्वमान्य वर्गवारीत या प्रकाराला ३०६ क्रमांक आहे: महत्त्वाच्या कामासाठी ओळख तपासणीच नसणं. हे वाचून डोळ्यांपुढे येतो निष्काळजी प्रोग्रॅमर, जो पासवर्डचा डबा पानावर ठेवायलाच विसरला. प्रत्यक्षात असं क्वचित घडतं. मॅनेजमेंट सॉफ्टवेअरला एक दार नसतं, वीस असतात. आपण बघतो ते वेब पान. त्यामागे रेस्ट एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी आज्ञा देण्याची वाट. खालच्या फायरवॉल ज्या पोर्टवर (यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर) बोलतात ते वेगळं. एचए जोडीतल्या (एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून ठेवलेल्या) दुसऱ्या यंत्राशी बोलणं वेगळं. पहिल्यांदा बसवताना लागणारं सेटअपचं पान वेगळं. सपोर्टवाल्यांसाठीची सोय वेगळी. ही दारं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या टीमने बांधलेली असतात. लॉगिन पहिल्या दारावर नीट बसवलेलं असतं. बाकीच्या दारांवरच्या प्रत्येकाला वाटतं, तपासणी दुसऱ्याने केली असेल.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे एफ५ कंपनीचं बिग-आयपी हे नेटवर्कची वाहतूक वाटणारं उपकरण, मे २०२२, सीव्हीई-२०२२-१३८८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या चुकीचा नोंद क्रमांक), गंभीरता १० पैकी ९.८. हे मी नव्या मुलांना फळ्यावर काढून समजावतो, कारण हे कळलं की बाकीचे अर्धे प्रकार आपोआप कळतात. पुढे अपाची सर्व्हर, मागे जेट्टी सर्व्हर. विनंती आधी अपाचीकडे येते. तिच्यात टोकनचं (आधी लॉगिन केल्याच्या खुणेचं) हेडर, म्हणजे विनंतीसोबतची माहितीची ओळ, असेल, तर टोकन तपासणं जेट्टीचं काम, म्हणून अपाची पासवर्ड न तपासता पुढे सोडतो. टोकन नसेल तर तो स्वतः पासवर्ड तपासतो. उलट बाजूने जेट्टीचा हिशेब असा: टोकन आलं तर मी तपासतो, टोकन नाही, म्हणजे अपाचीने पासवर्ड तपासलेला आहे, तेव्हा विनंतीत लिहिलेलं नाव खरं. दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर बरोबर आहेत. पण एचटीटीपीत 'कनेक्शन' नावाचं एक जुनं हेडर आहे. त्यात ज्या दुसऱ्या हेडरचं नाव लिहावं, ते फक्त पहिल्या मुक्कामापुरतं आहे असं समजून मधला सर्व्हर ते पुढे पाठवत नाही. हल्लेखोराने टोकनच्या जागी काहीही लिहिलं, 'कनेक्शन'मध्ये त्याच टोकन-हेडरचं नाव दिलं, आणि वापरकर्ता म्हणून अ‍ॅडमिन. अपाचीला टोकन दिसलं, त्याने पासवर्ड पाहिला नाही. पुढे पाठवताना टोकन काढून टाकलं. जेट्टीला टोकन दिसलं नाही, त्याने नावावर विश्वास ठेवला. आणि त्या एपीआयमध्ये थेट शेल कमांड चालवण्याची सोय आहे, तीही रूट, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने. काही दिवसांत कुणीकुणी या वाटेने शिरून उपकरणावरची सगळी फाइल सिस्टिम पुसून टाकण्याची कमांड चालवल्याचंही दिसलं.

पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये सापडलेली सीव्हीई-२०२४-००१२ याच कुळातली. पुढचा वेब सर्व्हर मागच्या पीएचपी कोडला एका हेडरने कळवायचा, की या विनंतीसाठी ओळख तपासायची की नाही. ते हेडर बाहेरून आलेल्या विनंतीतही चालून गेलं. त्यात 'ऑफ' लिहून पाठवलं, की तपासणी बंद. जोडीला अधिकार वाढवणारी दुसरी चूक, सीव्हीई-२०२४-९४७४, वापरली की रूटपर्यंत मजल. त्या महिन्यात शॅडोसर्व्हर या संस्थेने सुमारे २,००० उपकरणांमध्ये घुसखोरी झाल्याची नोंद केली. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोवर त्याच मॅनेजमेंट पानात सीव्हीई-२०२५-०१०८ निघाली. यावेळी पुढचा आणि मागचा सर्व्हर एकाच पत्त्याचा अर्थ वेगवेगळा लावत होते. कंपनीला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. एका ठिकाणी तपासायचं आणि दुसऱ्या ठिकाणी विश्वास ठेवायचा, ही रचनाच ठिसूळ आहे. एक भोक बुजवलं तरी रचना तीच राहते, म्हणून शेजारी दुसरं निघतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे "ही विनंती आतूनच येते" असं धरून चालणं. फोर्टिनेटच्या फायरवॉलमधली ऑक्टोबर २०२२ ची सीव्हीई-२०२२-४०६८४ तशी. यंत्रातले आतले भाग एकमेकांशी बोलताना जी ओळख सांगतात, ती बाहेरून आलेल्या विनंतीने सांगितली: मी १२७.०.०.१ वरून, म्हणजे याच यंत्रावरून आलो आहे. यंत्राने ते मानलं. मग अ‍ॅडमिनच्या खात्याला स्वतःची एसएसएच की (दुरून पासवर्डशिवाय शिरण्याची चावी) जोडणं एका विनंतीचं काम होतं.

आणि एक अगदी साधी तऱ्हा. पालो आल्टोचं एक्स्पेडिशन हे साधन दुसऱ्या कंपन्यांच्या फायरवॉलची कॉन्फिग (सगळे नियम आणि सेटिंग) आपल्या फायरवॉलवर आणण्यासाठी होतं. त्यात अ‍ॅडमिनचा पासवर्ड मूळपदावर आणणारी एक पीएचपी फाइल होती, आणि ती कुणीही, काहीही न सांगता, नुसत्या पत्त्याने चालवू शकत होतं. जुलै २०२४ मध्ये सुधारणा आली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या चुकांच्या यादीत घातली. तुम्ही म्हणाल, मायग्रेशनचं साधन तर आठवडाभर लागतं. हो, पण मायग्रेशन झाल्यावर ते व्हर्च्युअल मशीन पुसलं का? त्याच्या पोटात जुन्या आणि नव्या फायरवॉलची संपूर्ण कॉन्फिग आणि पासवर्ड असतात. तुमच्या बँकेत मागच्या चार-पाच वर्षांत फायरवॉल बदललं असेल, तर असं काही साधन कुठे पडून आहे का, हे आधी शोधा.

आता तुमच्या जास्त जवळची गोष्ट, सेंट्रल मॅनेजमेंट. शाखा वीस, प्रत्येक शाखेत छोटी फायरवॉल, आणि सगळ्यांचा कारभार मुख्य कार्यालयातल्या एका सर्व्हरवरून. सोय मोठी आहे, आणि मीही हीच पद्धत सुचवतो. पण त्या एका सर्व्हरकडे सगळ्या शाखांच्या चाव्या असतात. फोर्टिनेटच्या फोर्टिमॅनेजर या अशाच सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-२०२४-४७५७५ म्हणूनच इतकी गाजली. खालच्या फायरवॉल ज्या सेवेशी टीसीपी ५४१ पोर्टवर बोलतात, त्या सेवेत एका महत्त्वाच्या कामासाठी ओळख तपासणी नव्हती. हल्लेखोर स्वतःचं यंत्र घेऊन आला आणि "मीही तुमच्याच कंपनीचं एक उपकरण आहे" म्हणून नोंद करून बसला. मँडियंट या सुरक्षा कंपनीच्या तपासात लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) सापडलेली ओळ माझ्या डोक्यातून जात नाही: लोकलहोस्ट नावाचं नोंदणी नसलेलं उपकरण जोडण्यात यश आलं, अशा अर्थाची. लाल अक्षरं नाहीत, अलार्म नाही. रोजच्या शंभर ओळींसारखीच एक ओळ. त्याच्या पाठोपाठ खालच्या फायरवॉलच्या कॉन्फिग, वापरकर्त्यांची नावं आणि पासवर्डचे हॅश (गुंतवून साठवलेली रूपं) एका फाइलीत बांधले गेले आणि बाहेर गेले.

तारखा लक्षात घ्या. मँडियंटला दिसलेला पहिला हल्ला २७ जून २०२४ चा. जाहीर अ‍ॅडव्हायझरी २३ ऑक्टोबरची. मधल्या ११८ दिवसांत जवळजवळ सगळा वेळ जगातल्या सगळ्यात दक्ष अ‍ॅडमिनकडेसुद्धा लावायला पॅच नव्हता. तेव्हा "आम्ही पॅच वेळेवर लावतो" हे उत्तर अपुरं आहे. त्या ११८ दिवसांत कोण वाचलं? ज्यांच्या ५४१ पोर्टपर्यंत परका पोचूच शकत नव्हता ते. हाती फक्त तेवढंच असतं, आणि सुदैवाने ते पूर्णपणे आपल्या हाती असतं.

म्हणून काम पोचण्यापासून सुरू करा. मी वर सांगितलेली हॉटस्पॉटची चाचणी आजच करा. बँकेचे सगळे स्टॅटिक आयपी कागदावर लिहा. दुसऱ्या लीज लाइनचा आणि डीआर साइटचा (आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी केंद्राचा) विसरू नका, माझ्या अनुभवात भोक बहुतेक वेळा तिथेच असतं. बाहेरून पोर्ट स्कॅन करा, सगळे ६५,५३५ पोर्ट, फक्त ४४३ नाही. जे पोर्ट उघडं दिसेल त्याच्यासमोर लिहा: हे कशासाठी, कुणासाठी, कुणी उघडलं. उत्तर नसेल तर बंद. मग कुकी आणि टोकन न देता, म्हणजे लॉगिनशिवाय, मॅनेजमेंटच्या पत्त्यांना साधी विनंती पाठवून बघा. ४०१ ('आधी ओळख द्या') किंवा लॉगिनकडे वळवणारं उत्तर अपेक्षित आहे. माहितीसकट २०० ('ठीक आहे') आलं, तर हातातलं दुसरं काम ठेवा. हे सगळं फक्त स्वतःच्या यंत्रणेवर, आणि वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊनच. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत डोकावणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ चा विषय होतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

मॅनेजमेंटसाठी वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), तिथे पोचायला एकच जंप सर्व्हर (मधला ठरलेला थांबा), बाहेरून यायचं तर आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून येणारी खासगी, कुलूपबंद वाट). शाखांच्या फायरवॉल मुख्य सर्व्हरशी ज्या पोर्टवर बोलतात तिथे फक्त त्या शाखांच्या आयपींना परवानगी. इथे एक बारकावा आहे, आणि तिथे अनुभवी लोकही घसरतात. बऱ्याच फायरवॉलमध्ये आयपीची मर्यादा दोन ठिकाणी लावता येते: अ‍ॅडमिनच्या खात्यावर, किंवा पॅकेट त्या सेवेपर्यंत पोचण्याआधी. खात्यावरची मर्यादा लॉगिनच्या वेळी तपासली जाते, आणि इथे लॉगिनच होत नाही. तुम्हाला दुसरी हवी. फोर्टिनेटमध्ये तिला लोकल-इन पॉलिसी म्हणतात. फोर्टिमॅनेजरमध्ये अनोळखी अनुक्रमांकाचं उपकरण नाकारण्याची सेटिंगही आहे, ती चालू आहे का ते बघा.

अमेरिकेत सिसाने जून २०२३ मध्ये सरकारी खात्यांना आदेश दिला, की इंटरनेटवर उघडा असलेला मॅनेजमेंट इंटरफेस कळल्यापासून १४ दिवसांत हटवा किंवा त्याच्यापुढे वेगळी तपासणी उभी करा. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. १८० दिवसांचा नियम पुष्कळांना कागदी ओझं वाटतो. वरचे ११८ दिवस आठवा. ज्याच्याकडे तीस दिवसांचेच लॉग होते, त्याला ऑक्टोबरमध्ये बातमी वाचून जून महिन्यात डोकावता आलं असतं का? लोकलहोस्टची ती एक ओळ कधीच पुसली गेली असती. आणि लॉग त्याच यंत्रावर ठेवू नका. रूट झालेला माणूस सगळ्यात आधी लॉगकडे वळतो. सिसलॉग (यंत्राने बाहेर पाठवलेले लॉग) वेगळ्या सर्व्हरवर, आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड वेगळा.

पॅचबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पॅच दार बंद करतो. बाहेर गेलेलं परत आणत नाही. २०२२ च्या त्या फोर्टिनेट चुकीचा पॅच ऑक्टोबर २०२२ मध्येच आला होता. जानेवारी २०२५ मध्ये बेल्सेन ग्रुप नावाच्या टोळीने सुमारे १५,००० फायरवॉलच्या कॉन्फिग फुकट वाटल्या. तपासणाऱ्यांनी त्या २०२२ च्या त्याच चुकीशी जोडल्या. दोन वर्षं त्या कुणाच्या तरी डिस्कवर होत्या, नियमांसकट, व्हीपीएनच्या पासवर्डसकट. ज्यांनी तेव्हा पॅच लावला आणि पासवर्ड तेच ठेवले, त्यांचं दार बाहेरून बंद दिसत होतं आणि चावी दुसऱ्याकडे होती. म्हणून अशी चूक असलेलं यंत्र इंटरनेटवर उघडं होतं, एवढं जरी कळलं, तरी कॉन्फिग गेली असं धरून चाला. बदलायच्या गोष्टी फक्त अ‍ॅडमिनच्या पासवर्डवर थांबत नाहीत: व्हीपीएन वापरकर्ते, शाखाशाखांमधल्या आयपीसेक बोगद्यांच्या की, डोमेनशी (बँकेतल्या सगळ्या खात्यांच्या मुख्य यादीशी) बोलणारं एलडॅपचं खातं, रेडियसचं (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं) गुपित, एसएनएमपीची (यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या सोयीची) कम्युनिटी, एपीआय की, प्रमाणपत्रांच्या खासगी की. एलडॅपचं खातं हटकून राहतं, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच खात्याला कुणीतरी सोयीसाठी डोमेन अ‍ॅडमिनचे अधिकार दिलेले असतात. ते आधी बघा.

वाचणाऱ्यांत अशी सॉफ्टवेअर लिहिणारेही असतील. पुण्या-मुंबईत ते काम भरपूर चालतं. त्यांना इतकंच: तपासणी प्रत्येक पत्त्यावर आठवणीने लावायची गोष्ट ठेवू नका. मुळात सगळं बंद, आणि जे लॉगिनशिवाय चालायला हवं त्याचं नाव एका छोट्या यादीत हाताने लिहिलेलं, अशी रचना करा. मागच्या सेवेने स्वतः तपासावं. बाहेरून आलेली अंतर्गत हेडर पहिल्याच दारात काढून टाका. आणि बिल्डमध्ये (कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना) एक चाचणी ठेवा, जी प्रत्येक पत्त्याला ओळख न देता हाक मारते आणि यादीबाहेरच्या एकानेही उत्तर दिलं तर बिल्ड पाडते. ही चाचणी लिहायला एक दिवस लागतो. वर सांगितलेल्यांपैकी सगळ्याच चुका तिने पकडल्या नसत्या, एफ५ची तर नाहीच. पण एक्स्पेडिशनसारखी पहिल्याच दिवशी पकडली असती.

राहिला रविवार. पॅचला डाउनटाइम लागतो, शनिवारी कामकाज असतं, चेंज विंडो (बदलासाठी ठरलेली वेळ) रविवारची आहे, हे मला समजतं. पण मॅनेजमेंट पोर्ट बाहेरून बंद करायला डाउनटाइम लागत नाही, ते आज संध्याकाळी करा. त्याने शाखांचे व्यवहार थांबणार नाहीत. फार तर सपोर्टवाल्याला व्हीपीएन घ्यावं लागेल. ते बंद झालं असेल तर रविवारची वाट बघणं मला मान्य आहे. बंद करता येत नसेल तर नाही, मग आज रात्रीच पॅच.

आणि पॅच लावण्याआधी, काहीही रीस्टार्ट करण्याआधी, त्या सर्व्हरचा मेमरीसकट स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) घ्या आणि लॉगची प्रत बाहेर काढून ठेवा. फोर्टिमॅनेजरच्या प्रकरणात चोरीचं गाठोडं टीएमपी फोल्डरमधल्या एका लपवलेल्या फाइलीत बांधलेलं सापडलं होतं. अशा तात्पुरत्या फोल्डरमधलं पुष्कळसं रीस्टार्ट झाल्यावर उरत नाही, आणि आपल्याकडून काही गेलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याबरोबर जातं. रविवारी सकाळी पहिलं काम स्नॅपशॉट. मग उपकरणांच्या यादीत तुमच्या शाखांचं नसलेलं एकही नाव आहे का ते तिघांनी मिळून, अनुक्रमांक ताडून बघा. मग पॅच.